दाजींच्या बैठकीतला समुद्र

आमच्या दाजींच्या गाडीच्या काचेवर, घराच्या फाटकावर आणि गावातल्या प्रत्येक लग्नपत्रिकेवर त्यांच्या नावाआधी ‘माजी’ हा शब्द असतो. माजी उपसरपंच, माजी संचालक, माजी उपाध्यक्ष. दर वाढदिवसाला चौसाळ्याच्या चौकात त्यांचा फ्लेक्स लागतो, त्यावर मात्र ‘भावी जिल्हा परिषद सदस्य’ असतं. मधलं काहीच नाही. माणूस माजीवरून एकदम भावीवर उडी मारतो, आणि सध्या काय करतो हे विचारायची कुणाची छाती होत नाही. सध्या ते झिंगे पाळतात.

दाजी म्हणजे सुंदरराव, माझ्या थोरल्या बहिणीचे, छबुबाईचे, म्हणजे आमच्या आक्काचे यजमान. हमरस्त्याला लागून त्यांची बागायत जमीन, जमिनीत दुमजली घर आणि घराला पुढे लांबलचक बैठक, जिथे पूर्वी माणसं बसायची. माझं चौसाळ्यात मोटारी भरायचं दुकान आहे. जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार काढायची आणि नवी भरायची, हा माझा धंदा. मेहुण्याला दाजींची टिंगल करायचा हक्क असतोच, तो मी मनापासून बजावत आलोय. पण टिंगल वेगळी आणि तिटकारा वेगळा. माझ्या बाबतीत टिंगलीचा तिटकारा कधी झाला ते मलाही कळलं नाही.

कारण एकच, त्यांचे साहेब. साहेब कोण, कुठल्या पक्षाचे, ते सोडा. दाजींनाही पक्ष माहीत नसतो. साहेब जातील तो पक्ष. साहेबांनी दाढी ठेवली की दाजींची दाढी वाढते, साहेबांनी साखर सोडली की आमच्या आक्काने केलेला चहा बिनसाखरेचा होतो. पोरीच्या लग्नात कन्यादानाच्या वेळी या माणसाने उजव्या हाताने पाणी सोडलं आणि डाव्या हाताने साहेबांचा फोन कानाला लावला. मी शेजारीच उभा होतो. फोनवर ते “हो साहेब, हो साहेब” म्हणत होते आणि पोरगी खाली मान घालून बसली होती.

एका वर्षी आमच्या शिवारातल्या पाझर तलावाचं जलपूजन साहेबांच्या हस्ते ठरलं. तलाव भरला की पुढाऱ्याने यायचं, पाण्यात हळद-कुंकू, नारळ, साडी-चोळी सोडायची, ही आमच्याकडची रीत. तारीख ठरली, मंडप ठरला, पाऊस तेवढा ठरायचा राहिला. तलावात म्हशीचे खूर बुडतील एवढाच चिखल. आता ‘साहेब, थोडं थांबा’ म्हणायला काय लागतं? पण ते म्हणण्याऐवजी दाजींनी स्वतःच्या विहिरीचं पाणी टँकरने नेऊन तलावात ओतलं. साहेबांनी त्या डबक्यात साडी सोडली, फोटो निघाले आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी जमिनीने पिऊन टाकलं. पुढे उन्हाळ्यात आक्का शेजाऱ्यांच्या बोअरवर घागर घेऊन जात होती.

झिंग्यांचं खूळही साहेबांच्याच बंगल्यावर डोक्यात शिरलं. दाजी तिकिटासाठी भेटायला गेलते. सकाळपासून दुपार टळेपर्यंत बसवून ठेवलं. समोर खाऱ्या पाण्याची काचेची टाकी होती, तिच्यात रंगीत मासे आणि लाल पट्ट्यांचे झिंगे. त्या खोलीत दाजींकडे बघणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून ते झिंग्यांकडे बघत बसले. भेट झालीच नाही. पण परत येताना त्यांनी ठरवलं की आपल्या बैठकीत अशी टाकी पाहिजे, आणि ती साहेबांच्यापेक्षा हातभर लांब.

पुण्याहून माणूस आला. काचेची टाकी, दिवे, पाणी फिरवायच्या मोटारी, खडक, वाळू. शुद्ध पाण्याचे जार गाडी भरून आले आणि त्यात समुद्राचं मीठ पोत्यांनी कालवलं. ते साधं मीठ नव्हे, समुद्रात जे जे असतं ते सगळं त्यात असतं म्हणे. बस स्टँडवरच्या हॉटेलात त्या दिवशी दुसरा विषय नव्हता. “प्यायला पाणी न्हाई, अन् ह्यो बाबा त्यात मीठ कालवतोय,” असं एकजण म्हणाला. दुसऱ्याने विचारलं, “कालवण कधी करायचं?” बीडच्या उन्हात पाणी तापू नये म्हणून बैठकीला एसी बसवला. घरातला पहिला एसी. माणसं वर पत्र्याच्या खोलीत पंख्याखाली उकडत होती आणि झिंगे खाली गारव्यात.

पहिले झिंगे आठवड्याच्या आत मेले. कारण नंतर कळलं. टाकीत घालायचं पाणी आक्काने रात्रभर तांब्याच्या पिंपात साठवलं होतं. तांब्याचं पाणी चांगलं, हे आपण लहानपणापासून ऐकतो. ते माणसाला चांगलं, झिंग्यांना विष. दाजींनी पुण्याच्या माणसाला फोन लावला, त्याच्याकडून हे समजलं, आणि मग त्यांनी जो आवाज काढला तो मी फाटकापाशी ऐकला. “अक्कल गहाण ठेवलीस का?” आक्का चूल पुसत होती, ती पुसतच राहिली.

त्या दिवसापासून बैठकीत तांब्याला बंदी. देवघरातलं ताम्हण माडीवर गेलं. आक्काच्या बोटातली तांब्याची अंगठी गेली. माझे हात तर दिवसभर तांब्याच्या तारेत, त्यामुळे मी आलो की दाजी दारातच अडवायचे. “सोमेश्वर, आधी हात.” मग मोरीवर जायचं, साबण लावायचा, यायचं, दाखवायचे. नखं बघून परत पाठवायचे. मी टाकीला बोटही लावत नव्हतो, तरी! एकदा त्यांची म्हातारी चुलती, चंद्रभागाबाई, नारायणगडाहून तीर्थ घेऊन आली. जन्मात समुद्र पाहिला नव्हता तिने. काचेपुढे हात जोडून उभी राहिली आणि गडूतलं थेंबभर तीर्थ पाण्यात सोडायला लागली. दाजींनी तिच्या हातातला तांब्याचा गडू हिसकावला. “न्हाई म्हंजे न्हाई! कुणीच काई टाकायचं न्हाई ह्यात!” म्हातारी घाबरून खाली बसली. नाही म्हणता येतं की या माणसाला, असं मला तेव्हा वाटून गेलं. ऐंशीच्या पुढच्या बाईला चांगलं म्हणता येतं.

दुसऱ्यांदा आणलेल्यांतला एक झिंगा सकाळी वाळूवर पांढरा पडलेला दिसला. दाजींनी तो हळूच काढला, तुळशीपाशी खड्डा केला, पुरला, वर फूल ठेवलं. दुपारी तोच झिंगा खडकामागून मिशा हलवत बाहेर आला. पुरलं होतं ते त्याचं टाकलेलं कवच होतं. झिंगा वाढला की कात टाकतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यानंतर महिनाभर मी दाजी दिसले की कुणाच्या सुतकात आहात म्हणून विचारायचो.

मग दाजींच्या मनात आलं की यांची पिल्लं काढायची. साहेबांच्या टाकीतले झिंगे विकत आणलेले. आपल्या घरी जन्मलेले दाखवायचे. या झिंग्यांत नर आणि मादी वेगळे नसतात, कुठलेही दोन एकत्र आले तरी दोघांच्याही पोटाखाली अंडी धरतात. हे ज्ञान दाजी बाजारच्या दिवशी हॉटेलात मोठ्याने सांगत होते आणि लोक चहा नाकातून काढत होते. अंडी हिरवी, पोटाखाली गुच्छाने. ती फुटली आणि केसाएवढी पिल्लं पाण्यात पसरली. पहिली सगळी मोटारीने ओढून घेतली. दुसरी मोठ्या झिंग्यांनी खाल्ली, आई-बापांनीच. तिसऱ्या खेपेची वेगळी ठेवली, तर भुकेने एकमेकांना खाऊन संपली. तोवर दाजींचा उत्साह संपला होता. साहेबांचा दौरा लागला होता, दाजी त्यांच्या गाडीमागच्या गाडीत होते.

झिंगे आक्काच्या गळ्यात पडले, जसं त्या घरातलं सगळं पडतं.

चौथी पास बाई. व्हिडिओ बघायची, तोही शेजारची पोरं लावून द्यायची तेव्हा. ती बिघडवत बिघडवतच शिकली. दिवे मालवून एका कोपऱ्यात बॅटरी धरली की पिल्लं उजेडाकडे गोळा होतात, ती वाटीने उचलायची. तेलाचा रिकामा प्लॅस्टिकचा कॅन वरून कापून त्यात खारं पाणी, बुडबुडे अगदी बारीक, नाहीतर पिल्लं आपटून मरतात. खायला जिवंत किडे लागतात, तेही डोळ्याला न दिसणारे. त्यांची अंडी पुडीतून येतात, ती सोड्याच्या उलट्या बाटलीत उबवायची. चुकायची, हळहळायची, पुन्हा करायची. त्यांना लेकरं म्हणायची. मी म्हणालो, “आक्का, पोरी सासरी गेल्या म्हणून आता किडे पाळणार का?” तर म्हणाली, “तू तुजी मोटार भर.”

या वर्षी पिल्लं जगली. सगळी नाही, शेकड्यातली मूठभर. पण महिनाभर पाण्यात उलटीसुलटी तरंगणारी ती काडी एक दिवस तळाला उतरली आणि पायांवर उभी राहिली. आक्काने दुकानात फोन करून मला बोलावून घेतलं. मी हात धुऊन, न सांगता धुऊन, कॅनमध्ये बघितलं. काचेसारखी अंगं आणि त्यांत लाल दोऱ्याएवढे पट्टे. खरं सांगतो, मला भरून आलं. कोरड्या जिल्ह्यात, स्वयंपाकघरातल्या ओट्यावर, समुद्रातला जीव पायांवर उभा केला होता माझ्या बहिणीने, आणि घरात कुणी तिला शाबास म्हणणारं नव्हतं.

दाजींनी फोटो काढला आणि साहेबांना पाठवला. खाली लिहिलं, ‘आपल्या आशीर्वादाने’.

उत्तर आलं. निवडणुका अखेर लागणार होत्या, साहेबांना गावोगाव फिरायला निमित्त हवं होतं. पप्पू, म्हणजे साहेबांचा चौसाळ्यातला माणूस, ज्याला मिसरूड फुटायच्या आत पद मिळालं, तो धावत आला. साहेब स्वतः येतायत, मराठवाड्यातल्या पहिल्या घरगुती समुद्राचं जलपूजन करायला. मंडप, हलगी, फ्लेक्स. तिकीट याच दौऱ्यात ठरणार, असं पप्पूने दाजींच्या कानात सांगितलं, आणि दाजींचे पाय जमिनीवर राहिले नाहीत. त्यांनी पिल्लं कॅनमधून काढून मोठ्या टाकीत, जाळीच्या डब्यात ठेवायला लावली. साहेबांना बैठकीत दिसली पाहिजेत, स्वयंपाकघरात कसं न्यायचं त्यांना!

आक्काचा जीव उडाला. “पाण्यात काई सोडू नका म्हणावं. काचेला कुंकू लावा, हार घाला, काय करायचं ते भायेरून करा. तांबं तर बिलकुल न्हाई.”

“सांगतो की. मला काय कळत न्हाई का?”

“न्हाई, आत्ता फोन करून सांगा.”

“समक्ष सांगतो,” दाजी म्हणाले.

आदल्या दिवशी ते माझ्या दुकानात आले. मी म्हणालो, “दाजी, मला बोलून दाखवा, काय सांगणार ते.” त्यांनी खणखणीत सांगितलं, “साहेब, पूजा काचेची करा. पाण्यात काई सोडू नका, जीव मरतेत.” मी हातातली मोटार खाली ठेवली, खुर्चीत ताठ बसलो, पाय लांब केले आणि म्हणालो, “आता मी साहेब हाय असं समजा. बोला.” मी, बरं का, त्यांचा मेहुणा, हाताला वंगण लागलेला. तरी त्यांची मान खाली गेली, दोन्ही हात आपोआप जुळले आणि भाषाही बदलली. “साहेब… तसं काही विशेष नाही… आपली इच्छा असेल तर…” मला हसू यायला हवं होतं. शिसारी आली.

साहेब आले. बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती. पप्पूने मला कोपराने ढकललं, “सरक बे, फोटोत येतोस.” मी भिंतीला चिकटलो. समोर, आतल्या दारात, आक्का उभी होती. सगळे साहेबांकडे बघत होते, ती एकटी दाजींकडे बघत होती.

साहेब टाकीपाशी वाकले, जाळीच्या डब्यात डोकावले. “अरे वा! किती नाजूक! हलतायत बघा कशी!”

“हलतायत, हलतायत,” सगळी बैठक म्हणाली. दाजी सगळ्यांत मोठ्याने.

मग पप्पूने ताट पुढे केलं. हळद, कुंकू, नारळ, खण आणि तांब्याचा कलश. कलशात पंचामृत, त्यात तांब्याचा पैसा. दाजींच्या चेहऱ्याचा रंग उतरलेला मी पाहिला. ओठ हलले. मी मनातल्या मनात ओरडत होतो, बोला, दाजी, एकदा बोला. साहेबांनी कलश उचलला आणि टाकीवरच्या काचेच्या झाकणाकडे बघितलं.

झाकण दाजींनी उचललं. स्वतःच्या हातांनी, अदबीने, दोन्ही बाजूंनी धरून.

पंचामृत धो धो पडलं, मागोमाग कुंकू, हळद, पैसा, नारळ, खण. हलगी वाजली, टाळ्या पडल्या, दाजींनीही झाकण काखेत धरून टाळ्या वाजवल्या. आक्का वळली आणि आत गेली. जाताना साहेबांनी दाजींच्या खांद्यावर हात ठेवला. “बघू आपण, सुंदरराव.” या ‘बघू’वर माणूस किती वर्षं जगतोय!

दिवस मावळेपर्यंत मंडप उतरला होता. टाकीतलं पाणी गढूळ तांबडं झालं होतं. मोठे झिंगे एकेक करून खडकावरून सुटले, आडवे झाले, मिशा थोडा वेळ हलल्या आणि थांबल्या. दाजी हाताने नारळ, खण बाहेर काढत होते, पैसा वाळूत शोधत होते. फेटा गळ्यात आला होता. मी मुद्दाम थांबलो होतो, त्यांना चार शब्द ऐकवायला. पण ते जाळीच्या डब्यापाशी आले, वाकून बघायला लागले आणि बघतच राहिले.

“सोमेश्वर, ह्यात काईच न्हाई रे.”

मी बघितलं. डबा रिकामा होता. मेलेलंसुद्धा एक पिल्लू नव्हतं.

आम्ही स्वयंपाकघरात गेलो. ओट्यावर, पिठाच्या डब्याआड, तेलाचा कापलेला कॅन. बारीक बुडबुडे वर येत होते. कॅनच्या भिंतीला, तळाला, ती सगळी होती, लाल दोऱ्यांची. आक्का सोड्याच्या बाटलीतून थेंब थेंब खाणं सोडत होती.

“कवा काढली?” दाजींनी विचारलं.

“पहाटं. तुमी फेटा बांधून घेत व्हते तवा.”

“मंग साहेब काय बघत व्हते डब्यात?”

“त्येंला इचारा.” आक्काने मान वर केली नाही. “अन् तुमी काय बघत व्हते?”

दाजी म्हणाले, “मला कावून न्हाई सांगितलं?”

“तुमाला सांगितलं असतं, तर तुमी साहेबाला सांगितलं असतं.”

ती हे रागाने बोलली असती तर बरं झालं असतं. आज शुक्रवार आहे म्हणावं, इतक्या साधेपणाने बोलली. मग तिने बाटली खाली ठेवली. “मोठी लेकरं दगडाखाली गेलती. लई हात घातला, गावलीच न्हाईत.”

मी जुळवून आणलेले चार शब्द माझ्याजवळच राहिले. आता त्यांत सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. दाजी तिच्याकडे बघत होते, मग कॅनकडे. हळूच त्यांनी कॅनच्या काठाला बोट लावायला हात पुढे केला.

“हात,” आक्का म्हणाली.

त्यांनी हात बघितले. कुंकू, हळद, तांब्याच्या पैशाचा वास. ते निमूटपणे मोरीवर गेले, जसा मी जायचो, आणि साबण घासायला लागले. आले, दाखवले. तिने नखं बघितली आणि मान हलवली. परत गेले.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ओट्यावर ठेवलेला होता, मी उचलला. पप्पू होता. साहेबांना फोटो आवडला, साहेब स्वतः बोलणार आहेत, दाजींना दे, लवकर दे. मी फोन मोरीपर्यंत नेला. दाजींच्या हाताला कोपरापर्यंत फेस होता. कन्यादान करतानाही फोन घेतलेला माणूस. मला वाटलं, आता धोतराला हात पुसतोय बघा. त्यांनी फोनकडे बघितलं, आत आक्काकडे बघितलं.

“सांग त्येंला,” ते पुटपुटले, “हात गुतलेत म्हणावं.”

नाही म्हणायलाही मेहुणा लागला. पण मी ते सांगितलं, अगदी चवीने सांगितलं, आणि फोन बंद केला.

दाजी दुसऱ्यांदा आत आले, दोन्ही हात पुढे धरून. आक्काने उजवा बघितला, मग डावा बघितला.

“डावा ऱ्हायलाय,” ती म्हणाली, आणि ते पुन्हा मोरीवर गेले.